चपलांच्या गोदामातला सातवा कर्णा

सहावा कर्णा वाजला तेव्हा गोदामात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. एके काळी हे चपलांचं गोदाम होतं. आता भिंतींना पांढरा रंग दिला होता, पंखे लावले होते, तरी रबराचा वास काही गेला नव्हता. जगाच्या अंताची घोषणा त्या वासातच चालली होती. स्टेजवर सात पाइप साखळ्यांनी उभे टांगलेले होते. प्रत्येक पाइप माणसाएवढा लांब, मनगट जाईल एवढा रुंद, वरून सोनेरी रंग फासलेला. हे सात देवदूतांचे सात कर्णे, बायबलात जगाच्या अंताआधी वाजतात ते. पास्टर दर रविवारी एक वाजवायचे. वाजवायचे म्हणजे काय, हातसुद्धा लावायचे नाहीत, आणि लोक वेडे झाले होते ते त्यासाठीच.

पास्टरांनी पितळेचं मोठं धूपपात्र उचललं. आत निळसर ज्योत फुरफुरत होती. हा म्हणे वेदीवरचा अग्नी. एक लांबलचक प्रार्थना होईपर्यंत त्यांनी ते पात्र सहाव्या पाइपाखाली धरून ठेवलं. मग ते बाजूला नेलं, झाकण घातलं आणि दोन्ही हात वर केले. सगळीकडे चिडीचूप. आणि त्या पाइपातून, जवळ कोणीही नसताना, आवाज निघाला. आधी हळू, कोणी झोपेत कण्हल्यासारखा. मग वाढत वाढत एवढा मोठा की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या छातीत धडधडायला लागलं.

"बघा," पास्टर माइकमध्ये हळूच म्हणाले, "माझं तोंड बंद आहे."

तोंड बंद असताना हे वाक्य कुठून निघालं, असा प्रश्न मागच्या भिंतीला टेकलेल्या नर्सबाईंना पडला. बाकी कोणाला पडला नाही. लोक गुडघ्यांवर बसले होते, रडत होते, एकमेकांचे हात धरत होते.

"भूकंप झाला की नाही?" पास्टरांनी विचारलं.

"झाला."

"लढाया चालू आहेत की नाहीत?"

"आहेत."

"पोरं आईबापांना उलट बोलतात की नाही?"

"बोलतात," असा सगळ्यात मोठा होकार याला मिळाला.

"मग आता काय राहिलं? एक कर्णा राहिला. पुढच्या रविवारी सातवा वाजेल, आणि ज्यांचा विश्वास पक्का त्यांना एका क्षणात नवं शरीर मिळेल. नवे डोळे, नवे गुडघे, नवं काळीज. पण कान देऊन ऐका. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये परीक्षा आहे. या आठवड्यात ज्याने माणसाच्या हातावर आणि माणसाच्या यंत्रावर भरवसा टाकला, त्याला जुनंच शरीर राहील. मी नाही सांगत, वरून सांगतायत."

नर्सबाईंनी पुढच्या रांगेत पाहिलं. त्यांचा धाकटा भाऊ, बाजारात चष्म्यांचं दुकान चालवणारा, डोळे मिटून मान हलवत होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा यायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या, डायलिसिसच्या यंत्राला चार तास जखडून बसायचं, तेव्हा कुठे रक्त स्वच्छ व्हायचं. ते यंत्र नर्सबाईंच्याच वॉर्डात होतं आणि सुया बहुतेक वेळा त्याच टोचायच्या. "माणसाच्या यंत्रावर" हे शब्द ऐकताच त्याची मान जास्त जोरात हलली.

सोमवारी त्याची खुर्ची रिकामी राहिली. बुधवारीही रिकामीच.

"दुकानात जा, घरी जा, उचलून आणा," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिसची अजून एक पाळी चुकली तर रक्तातलं पोटॅशियम एवढं चढेल की हृदय बंद पडेल. मग मी काही करू शकणार नाही."

नर्सबाई घरी गेल्या. भावजय दारातच रडायला लागली. "दुकान बंद करून बसलेत. पाणीसुद्धा मोजून पितात, म्हणतात थोडे दिवस काढायचेत. तुमचं ऐकतील, तुम्ही बोला."

भाऊ खाटेवर तक्क्याला टेकून बसला होता. पाय भांड्यासारखे फुगलेले, डोळ्यांखाली सूज, बोलताना मध्येच दम लागत होता.

"ताई, उगाच आलीस. रविवारपर्यंत कळ काढायची फक्त."

"रविवारी काय होणार आहे?"

"तू ऐकलंस ना सहावा? कोणी फुंकला तो, सांग."

वाजला होता हे खरं, आणि फुंकलं कोणी नव्हतं हेही खरं. नर्सबाई चिडून म्हणाल्या, "मला माहीत नाही कोणी फुंकला. म्हणून तू मरायचं?"

"मरायचं कुठे, बदलायचं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिथून त्या तडक जुन्या चर्चच्या फादरांकडे गेल्या. फादर अंगणात खुर्ची टाकून बुटाला पॉलिश करत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "अंत येणार हे मीही मानतो. पण तो कधी येणार हे विचारू नका, असं प्रभूनेच बजावून ठेवलंय. त्याने ज्याचं उत्तर दिलं नाही, ते या गृहस्थाला कोणी कळवलं?"

"हे येऊन त्याला सांगा ना."

"कालच सांगून आलो. तो म्हणाला, फादर, तुमच्या चर्चमध्ये कधी कर्णा वाजला का?" फादरांनी ब्रश खाली ठेवला. "आमच्याकडे पेटीसुद्धा धड वाजत नाही."

नर्सबाई राहायच्या त्या इमारतीत तर या विषयावर जिन्यात रोज जुंपायची. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर मोठे वाचणारे. त्यांचं मत असं की बायबलातली ती सगळी भयंकर वर्णनं फार जुन्या काळातल्या एका जुलमी बादशहाबद्दल आहेत. जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं, आता उगाच वाट कोणी पाहू नये. त्यांची बायको मात्र पास्टरांची पक्की. तिने आठवडाभर गव्हाचं दळणसुद्धा आणलं नव्हतं, कशाला उगाच. नर्सबाईंचा नवरा खाली शेडमध्ये खिडक्यांची ग्रिलं बनवायचा. तो या भांडणात दोघांच्याही बाजूने बोलायचा.

"मी शाळेत असताना एकदा जग बुडणार होतं," तो म्हणायचा. "म्हणून मी परीक्षेचा अभ्यास केला नाही. जग राहिलं जागेवर, मी मात्र नापास झालो."

शुक्रवारी खुर्ची पुन्हा रिकामी. शनिवारी सकाळी भावजयीचा फोन आला, ते गोदामात जाऊन बसलेत. पक्के विश्वासू लोक तिथेच मुक्कामाला होते. नर्सबाई गेल्या तेव्हा फरशीवर चटया पसरल्या होत्या, कोणी गात होतं, कोणी घोरत होतं. भाऊ स्टेजच्या कडेला, सातव्या पाइपाजवळ पाठ टेकून बसला होता. त्याच्या ओठांचा रंग बघून नर्सबाईंना काय ते कळलं.

त्याच्या पायाची सूज दाबून बघायला त्या खाली वाकल्या आणि सहज मान वर गेली. पाइपाचं खालचं तोंड बरोबर डोक्यावर होतं. छताच्या काचेतून ऊन येत होतं, त्यामुळे पाइपातून वरचा उजेड दिसायला हवा होता. दिसत होता, पण चौकटी चौकटीचा. पाइपात, खालून साधारण हातभर उंचीवर, तारेची जाळी बसवलेली होती. दाट जाळी, भाजून काळीनिळी पडलेली.

नर्सबाईंनी दुसऱ्या पाइपाखाली जाऊन पाहिलं. तिथेही जाळी. तिसऱ्यातही.

"बाई, तिकडे जायचं नाही," एक स्वयंसेवक धावत आला. "पवित्र जागा आहे."

"कर्ण्यात जाळी कशाला?" नर्सबाईंनी विचारलं.

"कबुतरं जाऊ नयेत म्हणून," तो म्हणाला. देवदूतांच्या कर्ण्यांना कबुतरांची धास्ती असते ही माहिती नर्सबाईंना नवी होती.

त्या थेट नवऱ्याच्या शेडमध्ये आल्या. "तसला पाइप आहे? आणि जाळी? आणि लोखंड तापवायची गॅसची बत्ती?"

"सगळं आहे. आपल्यालाही अंत करायचाय का?"

"मस्करी नको. तो उद्याची सकाळ कशीबशी बघेल, संध्याकाळ नाही."

नवरा कामाला लागला. जाळीची गुंडाळी करून पाइपात ठोकून बसवली. पाइप स्टँडवर आडवा ठेवला, बत्तीने जाळी लालभडक केली आणि बत्ती काढली. दोघं कान लावून बसले. काहीच नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. मग पाइप जमिनीवर उभा ठेवून, वरून बत्ती खाली सोडून पाहिलं. नवऱ्याच्या भुवया तेवढ्या जळाल्या.

"तो पास्टर आहे, आपण साधी माणसं," नवरा म्हणाला. नर्सबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

"त्याचे पाइप टांगलेले आहेत," त्या म्हणाल्या. "जमिनीला टेकलेले नाहीत. खालचं तोंड उघडं असतं."

नवऱ्याने जाळी पुन्हा तापवली, बत्ती बाजूला केली, हातमोजे घालून पाइप उभा उचलला आणि अधांतरी धरला.

पाइप ओरडायला लागला. पत्र्याची शेड थरथरली, शेल्फवरचे खिळे खणखणले, कोपऱ्यातली मांजर जी पळाली ती दुसऱ्या दिवशीच परत आली. नवऱ्याच्या हातात तो लोखंडाचा तुकडा गाईसारखा हंबरत होता आणि नवरा तोंड वासून त्याच्याकडे बघत होता. त्याने घाबरून पाइप आडवा केला. आवाज बंद. उभा केला. आवाज सुरू.

जिन्यात धपकन आवाज झाला. पोस्टमास्तरांची बायको एक दिवस आधीच वाजलेला सातवा कर्णा ऐकून, हातातलं लाटणं टाकून, पायऱ्यांवर गुडघ्यांवर बसली होती. मागून पोस्टमास्तर उतरत होते. "अगं उठ, ग्रिलवाल्याकडचा पाइप आहे तो," ते म्हणाले. तिचा विश्वास बसेना. शेवटी नर्सबाईंनी तिला आत नेलं आणि पाइप तिच्या हातात दिला. तिने स्वतः आडवा केला, उभा केला, आडवा केला. मग गुडघे चोळत ती वर निघून गेली.

रविवारी गोदामाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. नर्सबाई पहाटेच नवऱ्यासोबत येऊन भावाशेजारी बसल्या होत्या. त्याला श्वास घेताना खांदे उचलावे लागत होते. त्यांनी बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती आणि डॉक्टरांना यंत्र तयार ठेवायला सांगितलं होतं. त्याला उचलून न्यायचं तर त्याने काल हात झटकला होता. तो सगळ्यांसमोर ओरडला असता, आणि या गर्दीने त्याला नेऊ दिलं नसतं.

पास्टर आज पांढऱ्या सुटात होते. पाप, अग्नी, नवं शरीर, सगळं झालं. धूपपात्र सातव्या पाइपाखाली गेलं. प्रार्थना आज जास्तच लांबली, जाळी चांगली तापायला हवी ना. मग पात्र बाजूला, झाकण बंद, हात वर.

सातवा कर्णा वाजला. अख्खं गोदाम गुडघ्यांवर आलं. भावाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तो आपल्या हाताकडे बघत राहिला, जिथे सुया टोचून टोचून शीर गाठीसारखी फुगली होती. ती सपाट व्हायची वाट बघत होता बिचारा.

नर्सबाई उठल्या, स्टेजवर चढल्या, आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि पाइपाच्या खालच्या तोंडावर दाबलं.

देवदूत गप्प झाला.

झाकण काढलं. देवदूत पुन्हा सुरू. झाकण लावलं. बंद.

मागून कोणीतरी फस्सकन हसलं.

"या बाईच्या अविश्वासाने कर्णा थांबला," पास्टर माइकमध्ये गरजले. "सैतान शिरलाय हिच्यात."

"थांबला तर मग हे घ्या," नर्सबाई म्हणाल्या आणि झाकण काढलं. पाइप हंबरला. "सैतान काढला. आणि हा घातला." पाइप बंद. "सगळ्यांनी इकडे बघा. पाइपात तारेची जाळी आहे. यांच्या पात्रात गॅसची बत्ती आहे. जाळी लाल होते, आतली हवा तापून वर जाते, खालून गार हवा आत ओढली जाते. ती सरळ जात नाही, हिसके देत जाते, आणि बासरीतली हवा थरथरते तशी या पाइपातली थरथरते. जाळी गार झाली की संपलं. खालून वाट बंद केली की संपलं. काल आमच्या शेडमध्ये आम्ही हाच देवदूत उतरवला. ज्याला बघायचंय त्याने येऊन खालून डोकवा."

पुढच्या रांगेतले दोघं तिघं उठले आणि डोकावले. एकाने पात्राचं झाकण उचललं. वेदीवरच्या अग्नीला गॅसची चावी होती.

पास्टर कसलेले होते. त्यांनी आवाज मऊ केला. "भावांनो, बहिणींनो, खूण ही प्रतीक असते. मी कधी म्हणालो का की हा साक्षात स्वर्गातला कर्णा आहे?"

"दर रविवारी म्हणालात," पोस्टमास्तरांची बायको मधल्या रांगेतून उठून म्हणाली. "काल मी जिन्यात गुडघे फोडून घेतले. तेही प्रतीकच का?"

मग मात्र हशा पिकला. अर्धे लोक स्टेजकडे धावले, काही शिव्या देत बाहेर पडले. आणि काही, खोटं कशाला सांगा, तिथेच बसून पास्टरांसाठी प्रार्थना करायला लागले, की एवढ्या छळातही प्रभू त्यांना बळ देवो. लोकांना फसवणाऱ्याची कीव यायला लागली की त्यांच्यापुढे हात टेकावेत.

नर्सबाईंना त्यांच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्या भावाजवळ येऊन बसल्या.

"चल."

"तो खोटा असेल," भाऊ धापा टाकत म्हणाला. "म्हणून अंत खोटा कशावरून?"

"नाही ना मी म्हणत खोटा. फादर म्हणतात येईल, पण तारीख विचारू नका. पोस्टमास्तर म्हणतात कधीच होऊन गेला. हा म्हणत होता आज. मला विचारशील तर मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे म्हणतो त्याच्या पाइपात मी डोकावून आलेय. पण तुझं रक्त मला माहीत आहे. तुझा अंत कधी, ते मला डॉक्टरांनी सांगितलंय. आज संध्याकाळ. तो मात्र मला थांबवता येतो. उठ."

तो उठला नाही. पण नवऱ्याने त्याला काखेत हात घालून उचललं तेव्हा त्याने हात झटकलाही नाही.

वॉर्डात डॉक्टर थेट कामाला लागले. छातीला तारा लावल्या, इंजेक्शनं दिली. नर्सबाईंनी सुया टोचल्या. यंत्राची चाकं फिरायला लागली आणि नळीतून रक्त जाऊन परत यायला लागलं. पहिला तास नर्सबाई पडद्यावरच्या रेषेवरून नजर हलवू शकल्या नाहीत. मग रेषा एकसारख्या ठेक्याने चालायला लागली आणि डॉक्टरांनी चहा मागवला.

"ताई," भाऊ डोळे न उघडता म्हणाला. "मला माहीत होतं गं."

"काय?"

"जाळीचं नाही. पण काहीतरी लबाडी असणार हे. चष्मे विकतो मी, माणसं ओळखतो. या खुर्चीचा कंटाळा आला होता. जन्मभर हेच. मी एकटाच मरतोय आणि बाकी सगळे सकाळी दुकानं उघडतायत, हे सहन होत नव्हतं. पास्टरने जवळ बसून विचारलं, कसं वाटतंय, आणि म्हणाला सगळेच जाणार आहेत. मला बरं वाटलं."

नर्सबाईंना खूप राग आला होता, आठवडाभर साठवलेला, आणि तो सगळा कुठे गेला ते त्यांना कळेना. दर वेळी शेजारी उभं राहून सुया टोचल्या, वजन लिहिलं, रक्तदाब बघितला. तुला कसं वाटतंय, हे काही विचारलं नव्हतं. पास्टरने विचारलं होतं.

"मला का नाही बोललास?"

"तू कामात असतेस."

त्यांनी स्टूल ओढलं आणि पाळी संपेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. दुसऱ्या नर्सने हाक मारली, तर म्हणाल्या, मी कामातच आहे.

पास्टर आठवड्याच्या आत टेम्पोत पाइप भरून दुसऱ्या गावाला गेले. तिथे पहिल्यापासून सुरुवात झाली असेल. तुमच्या गावात आले तर जरूर जा. देवावर श्रद्धा ठेवायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. पण कोणी चमत्कार दाखवून औषध सोडा म्हणाला, तर आधी वाकून खालून बघा. आणि तुमच्या घरातलं कोणी त्याच्या पुढच्या रांगेत जाऊन बसलं असेल, तर त्याला मूर्ख म्हणण्याआधी शेजारी बसून विचारा, की बाबा, तुला नेमकं काय सहन होत नाहीये.